धैवत अखेर जागेवर बसला (भूपाळी, चार आवाज: नोंद सहावी)

आजीची भूपाळी मी चार आवाजांच्या गायनवृंदासाठी बसवतोय. तिच्या रविवारच्या तालमीत अकराव्या बारला (स्वरलिपीतल्या अकराव्या खंडाला) कुणी थांबलं नाही. पाच आठवडे आमची गाडी तिथेच अडत होती, म्हणून घरी आल्या आल्या लिहायला बसलोय.

आधीच्या नोंदी वाचलेल्यांना मांडणी ठाऊक आहेच: चाल भूप रागातली (स्वर पाचच: सा रे ग प ध, म्हणजे षड्ज, रिषभ, गंधार, पंचम, धैवत), शब्द आजीच्या तोंडच्या भूपाळीचे, गळे आठ (वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे चार आवाज), सोबत व्हायोलिन, चेलो आणि तानपुरा. पेटी तिसऱ्या नोंदीतच काढून टाकली. सा पेटीच्या पांढरी दोन पट्टीवर. आमच्या बायकांना काळी चार-पाचची सवय, त्यांना हा षड्ज चढा जातो. पण चेलोच्या दोन मोकळ्या तारा बरोबर सा आणि पंचमाच्या येतात, आणि त्या छेडल्या की तानपुऱ्यासकट अख्खी खोली घुमते. ते सोडवेना. शेवटी चाल तार षड्जाच्या (वरच्या सप्तकातल्या साच्या) वर न्यायची नाही असं ठरवलं आणि वाद मिटला.

आता तो अकरावा बार. सोप्रानो पंचमावरून धैवतावर येतात, दोन मात्रा थांबतात आणि बाराव्यात प ग रे सा असं उतरतात. भूपात पूर्ण कॉर्ड (एकत्र लागणारे तीन स्वर) दोनच निघतात, सा ग प आणि ध सा ग. तिसरी हवी तर मध्यम (म) नाहीतर निषाद (नी) उसना आणावा लागतो, आणि पंचमावर प नी रे उभी केली की लगेच शुद्ध कल्याण हा दुसरा राग डोकावतो. आमच्यातली एक ताई गोव्याची, लहानपणापासून मांडो (तिथली कोकणी गाणी) दोन आवाजांत गाणारी. तिला चालीखाली तिसरा स्वर धरायची इतकी सवय, की रिषभाखाली ती आपसूक निषाद लावते आणि धैवताखाली मध्यम. कानाला फार गोड लागतं, पण भूप संपतो.

म्हणून चौथ्या नोंदीत मी तिसऱ्या स्वरांचा नाद सोडून पंचमांची (प्रत्येक स्वरापासून पाचव्या स्वराची) साखळी धरली होती. सा, साचा पंचम प, पचा पंचम रे, रेचा पंचम ध, धचा पंचम ग. भूपाचे पाचही स्वर त्या एका साखळीत येतात. अकराव्या बारला बास सावर, टेनर पवर, आल्टो रेवर, सोप्रानो धवर. ही कॉर्ड मला अजूनही फार आवडते. मोकळ्या माळावर उभं राहिल्यासारखी.

कॉम्प्युटरवर ती सुरेख वाजली. गळ्यांनी गायली की धैवत चढायचा. त्याच्यामागून बाराव्या बारचा गंधारही चढायचा, आणि तानपुऱ्यातून स्वतःहून उमटणारा गंधार आणि आमचा गंधार यांची टक्कर व्हायची. आधी वाटलं, सोप्रानो जोर लावतायत. आवाज कमी करायला सांगितला. मग 'आ'कार बदलून 'ओ'कार केला. नुसत्या धैवताचा रियाज घेतला, तर एकट्याने दोघीही चोख लावत होत्या! चौघांचे स्वर एकत्र आले की पुन्हा वर. एका जाणत्या गुरुजींना रेकॉर्डिंग ऐकवलं. ते दोनदा ऐकून म्हणाले, "स्वर वाईट नाहीयेत. पण तुमचा भूप देशकारात चाललाय."

ते वाक्य आठवडाभर डोक्यात राहिलं. दोन्ही रागांचे स्वर तेच पाच. भूपात वादी (रागातला मुख्य स्वर) गंधार, देशकारात वादी धैवत. आणि देशकाराचा धैवत किंचित चढा लागतो असं बरेच गवई मानतात. मग कागद घेऊन हिशेब मांडला. अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरले, तर सापासून मोजत, साच्या पंचमाचा पंचम म्हणून येणारा रे २०४ वर. त्या रेला शुद्ध पंचमाने मिळवलेला ध ९०६ वर. पण तानपुऱ्यातला गंधार ३८६ वर, आणि त्या गंधाराशी मिळणारा ध ८८४ वर. फरक २२ सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळजवळ पाचवा भाग. कानाला तो धडधडीत कळतो.

म्हणजे सोप्रानो चुकतच नव्हत्या. खाली आल्टो जो रे धरून उभ्या होत्या, त्याला त्या अचूक मिळत होत्या. चूक माझ्या कॉर्डमध्ये होती, आणि पाच आठवडे मी ती त्या दोघींच्या गळ्यात शोधत होतो. त्यांची मनापासून माफी मागितली.

उपाय एका ओळीचा निघाला: धैवत यायच्या एक मात्रा आधी आल्टोने गंधारावर जाऊन थांबायचं. म्हणजे सा, प, ग आणि वर ध. आता धैवत गंधाराकडे बघून लागतो आणि आपोआप खाली बसतो. शिवाय वादी स्वर मधल्या आवाजात सतत तेवत राहतो, त्यामुळे भूप हलत नाही. रविवारी पहिल्याच फेरीत तो धैवत लागला, तेव्हा चेलोवाल्या दादांनी गज थांबवून नुसतं ऐकलं.

तालमीआधी हे तपासायला म्यूझस्कोअर (स्वरलिपी लिहून वाजवून दाखवणारं सॉफ्टवेअर) फार उपयोगी पडलं. फुकट आहे, आणि एकेक स्वर सेंटमध्ये वर-खाली करता येतो. गंधार उणे १४, धैवत उणे १६, रे अधिक ४, प अधिक २ असं करून ऐका. मगच चाल गाणाऱ्यांच्या हातात द्या. नुसत्या समान सप्तकातल्या (सगळे अर्धे स्वर सारख्या अंतरावर ठेवलेल्या) आवाजावर विसंबू नका, त्यात ही भांडणं ऐकूच येत नाहीत.

बाराव्या बारला मात्र नवं काम निघालं. चाल प ग रे सा उतरते आणि आल्टो गंधारावरच. दोघी एकाच स्वरावर आदळतात, मग चाल खाली निसटते. म्हणून आल्टोला मंद्र (खालच्या सप्तकातला) ध, मग प असं उतरवलं. ग-ध, रे-प: लागोपाठ दोन पंचम. पाश्चात्त्य हार्मनीच्या पुस्तकात याला सक्त मनाई, कारण दोन आवाज एकमेकांत विरघळतात. इथे मला तेच हवंय. तानपुऱ्याच्या पोटात पंचम घुमत असताना त्याला घाबरायचं कशाला? ठेवले.

लिहिता लिहिता एक सुचलं. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, पण भूपाळी पहाटेची, आणि देशकार सकाळचा. मग तिसऱ्या कडव्यात उजाडतं तिथे तो चढा धैवत मुद्दाम का आणू नये? दोन कडवी आल्टो गंधारावर, तिसऱ्यात पुन्हा रेवर, आणि सोप्रानोंना मोकळं सोडायचं. अडचण अशी की देशकारात रिषभ दुबळा, तो धरून बसून चालणार नाही. म्हणजे आल्टोने रे एकच मात्रा दाखवायचा, धैवत चढला की लगेच पंचमावर जायचं. धैवत तेवढ्यावर टिकेल का, ते गाऊनच कळेल. टेनर तेव्हा पवर नको, सावर जाऊ दे, नाहीतर दोघं एकाच जागी येतील.

व्हायोलिनचे मधले तुकडे या आठवड्यात लिहिणार होतो, ते पुढे ढकलले. आधी तिसऱ्या कडव्याचे आल्टो-टेनरचे कागद आज रात्रीच सरगमात काढतो. अर्ध्या मंडळींना स्टाफ (पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचता येत नाही.