दोष कोलंबीचा नव्हता

जूनच्या पहिल्या पावसानंतरची ती रात्र होती. ठाण्यातील एका रुग्णालयाच्या अपघात विभागात माझी ड्युटी होती. तोंडाशी ओला रुमाल धरलेल्या तिशीतल्या बाईंना त्यांचे पती घेऊन आले. त्यांचे ओठ सुजले होते, लाळ गिळवत नव्हती आणि बोलणे बोबडे झाले होते. जेवणात कोलंबी होती असे कळताच ॲलर्जी गृहीत धरून मी ॲड्रेनलिनचे इंजेक्शन दिले. श्वासनलिकेचा प्रश्न असताना वाट पाहणे चुकीचे, म्हणून आजही मी तेच करीन.

मात्र अंगावर पित्ताच्या गांधी नव्हत्या, रक्तदाब उत्तम होता, छातीत घरघर नव्हती. शिवाय पतीही सारखे घसा खाकरत होते. कोलंबीची ॲलर्जी दोघांना एकाच वेळी कशी होईल, या विचारात मी असतानाच वॉर्डातल्या मावशींनी विचारले, "कोलंबी कशात घातली होती?"

"शेवळात."

"आणि काकडं?"

मूळच्या अकोल्याच्या त्या जोडप्याला काकड हे फळ ठाऊकच नव्हते. जांभळी नाक्यावरच्या बाजारात शेवळांच्या जुड्या दिसल्या, म्हणून त्यांनी हौसेने घेतल्या होत्या.

शेवळ म्हणजे रानसुरणाचा फुलोरा. अळू-सुरणाप्रमाणे त्यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते पाण्यात विरघळत नाहीत आणि जीभ, ओठ, घसा यांच्या नाजूक त्वचेत रुततात. सूज फार वाढली तर श्वास अडू शकतो. म्हणूनच आपल्याकडे काकडाचा किंवा चिंचेचा आंबट रस घातल्याशिवाय शेवळं शिजवत नाहीत. हे ज्ञान मला वैद्यकीय शिक्षणात मिळाले नव्हते, ते मावशींकडे होते, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिले. सूज जिभेपर्यंतच होती, स्वरयंत्र मोकळे होते. बाईंना रात्रभर देखरेखीखाली ठेवले. पहाटे त्यांना थंड दूध गिळता आले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. केसपेपरवरची 'कोलंबीची ॲलर्जी' ही नोंद मी खोडली. ती तशीच राहिली असती, तर त्यांनी विनाकारण जन्मभर कोलंबी वर्ज्य केली असती.

सकाळी पतींनी उरलेली जुडी आणली. मावशींनी एक शेवळ नखाने उभे चिरले आणि बुडाशी असलेला पिवळा, दाणेदार भाग बाईंना दाखवला. "हा काढून टाकायचा असतो," त्या म्हणाल्या. त्या दोघांनी तो तसाच चिरून भाजीत घातला होता.