आमची वाटचाल : बफिंगच्या गाळ्यातून गाडीच्या रंगापर्यंत

आबांचा कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात बफिंगचा, म्हणजे धातू घासून चमकवायचा गाळा होता. फाउंड्रीतून येऊन लेथवर उतरलेलं कास्टिंग, व्हॉल्व्हचे भाग, स्टीलची रेलिंगं, सगळं शेवटचा हात फिरवायला आमच्याकडं यायचं. मोटरवर कापडी बफ, त्याला लावायचा घासायच्या मसाल्याचा बार आणि संध्याकाळी नाकातून निघणारी काळी धूळ, एवढ्यावर घर चाललं. आबांना वस्तू बफाला टेकल्याबरोबर आवाजावरून कळायचं की दाब जास्त झालाय का कमी. माझा कान तिथंच तयार झाला.

उद्यमनगरातलं काम कमी होत गेलं तसं मी गाड्यांकडं वळलो. आबांनी एकच प्रश्न विचारला, "लोखंड घासलं तर खाली लोखंडच निघतं. गाडीचा रंग घासला तर खाली काय निघतंय?" प्रश्न बरोबर होता आणि आमचा सगळा धंदा त्याच्याच उत्तरावर उभा आहे.

कंपनीतून निघालेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर धरून साधारण १०० ते १३० मायक्रॉन जाडी भरते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, बहुतेक वेळा ४०-५० मायक्रॉनचा. डोक्याचा केस सत्तरेक मायक्रॉन धरा. म्हणजे आम्ही ज्याच्यावर पोट भरतो तो थर केसापेक्षाही पातळ. गाडीची चमक त्याच्यात, ओरखडे त्याच्यात, आणि रंगाला उन्हापासून वाचवायची ताकदही त्याच्यातच. पॉलिश करताना ओरखडा भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणायचा असतो, मग उजेड विखरायचा थांबतो आणि रंग खोल दिसायला लागतो. नखाला अडकणारा ओरखडा काढायचा म्हणजे क्लिअर कोटच संपवायचा. असं काम आम्ही घेत नाही. गिऱ्हाईक नाराज होऊन जातं, जाऊ दे.

सुरुवातीला बाजारात एकच प्रकार चालायचा, रबिंग-पॉलिश. रोटरी मशीन, लोकरीचा पॅड, भरपूर कंपाउंड, म्हणजे रंग घासायची पेस्ट. तासा-दोन तासांत गाडी लखलखीत. सावलीत बघितलं तर नादखुळा. हीच काळी गाडी दुपारी रंकाळ्यावर उन्हात लावली की बॉनेटवर गोल-गोल पट्टे दिसायचे, आणि दोन-तीन धुण्यांत ओरखड्यांत बसलेला कंपाउंडचा तेलकट भरणा उतरला की जुने ओरखडेही परत हजर. रोटरी एकाच अक्षावर फिरते, म्हणून ती कापते चांगली, पण हात जरा तिरका झाला की स्वतःची खूण सोडून जाते. पॅड एकाच जागी थांबला तर उष्णताही तिथंच साठते. दुसरं मशीन डीए, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन. त्याचा पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी डगमगतोही, त्यामुळं एकच कण एकाच रेषेत घासत नाही. पट्टे जवळजवळ पडतच नाहीत. तोटा म्हणजे डीए हळू, असं सगळे म्हणायचे. एका गाडीला दिवस गेला तर गाळ्याचं भाडं निघणार कसं, हा प्रश्न आमच्यापुढंही होता.

मी काम करताना घड्याळ लावून बघायला लागलो तेव्हा दिसलं की मशीन चालू असण्यात जाणारा वेळ तुलनेनं थोडाच. वेळ खातं बाकीचं. भरलेला पॅड तसाच रेटणं, कापड शोधणं, अर्धी गाडी झाल्यावर कंपाउंड बदलणं, रबरावर उडालेला पांढरा चिखल काडीनं काढत बसणं. म्हणून आम्ही मशीनचा वेग न वाढवता हे सगळं आधीच बसवून घेतलं.

आता बॉनेट कसं होतं ते सांगतो, कारण पोरं शिकायला येतात ती यालाच चुकतात. गाडी धुऊन, चिकट कचरा क्लेनं, म्हणजे मातीसारख्या मऊ गोळ्यानं काढून, कडा आणि रबरं टेपनं झाकून झाली की जाडी मोजायच्या मीटरनं प्रत्येक पॅनल बघायचा. एखाद्या दारावर आकडा अचानक २०० च्या पुढं गेला की समजायचं, ते दार पेंटरकडं जाऊन आलंय. मालकाला माहीत असो वा नसो. मग बॉनेटच्या एका कोपऱ्यात फूटभर जागेवर चाचणी. मऊ फोम आणि बारीक पॉलिशनं सुरू करायचं. नाही निघालं तर आधी पॅड बदलायचा, तरी नाही तर कंपाउंड. दोन्ही एकदम बदलले तर कशानं काम झालं ते कळत नाही. तेवढी जागा अल्कोहोलच्या पाण्यानं पुसून बॅटरीच्या उजेडात बघायची, म्हणजे तेलानं झाकलेले ओरखडे फसवत नाहीत. कृती एकदा ठरली की जवळजवळ सगळी गाडी तिच्यावर सुटते. या चाचणीला लागलेला वेळ पुढं कितीतरी पटीनं परत मिळतो.

पॅडवर वाटाण्याएवढे चार ठिपके, दीडेक फुटाचा चौकोन, आधी आडवं मग उभं, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. हात सेकंदाला तीन-चार सेंटीमीटरच सरकला पाहिजे. सगळ्या नव्या पोरांचा हात पळतो. मशीनच्या बॅकिंग प्लेटवर, म्हणजे पॅड जिला चिकटतो त्या तबकडीवर, आम्ही मार्करनं एक काळी रेघ मारून ठेवतो. रेघ फिरताना दिसली तर पॅड फिरतोय, रेघ थरथरत जागेवरच राहिली तर दाब जास्त आहे किंवा पॅड तिरका आहे आणि नुसता डगमगतोय. त्या वेळी रंगावर जवळजवळ काहीच काम होत नसतं, वीज मात्र जळत असते. आमच्याकडचे जुने मामा त्या रेघेकडं बोट दाखवून एवढंच म्हणतात, "दाबू नगंस रं, फिरू दे तिला."

प्रत्येक चौकोनानंतर पॅडला ब्रश किंवा कॉम्प्रेसरची हवा. तापलेला, ओला झालेला पॅड बाजूला आणि कोरडा मशीनवर. एका गाडीला पॅडांची चळतच लागते आणि तिथं आम्ही कंजुषी करत नाही. बॉनेट-छताला मोठ्या फेऱ्याचं, म्हणजे पॅड जास्त डगमगवणारं मशीन, आरशाच्या मागं आणि खांबांना तीन इंची पॅडचं. बंपर प्लास्टिकचा असल्यानं उष्णता पसरत नाही, तिथं हात जपून. बॉडीवरच्या धारदार रेषांवर रंग आधीच पातळ बसलेला असतो, तिथं टेप किंवा मशीन लांब.

कोल्हापूरची गाडी पुण्यातल्या गाडीसारखी मळत नाही, हे मात्र इथं काम केल्यावरच कळतं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत कामाला जाणाऱ्यांच्या पांढऱ्या गाड्यांवर नारिंगी ठिपके असतात. ते लोखंडाचे बारीक कण, रंगात रुतून गंजलेले. आयर्न रिमूव्हर मारला की ठिपके जांभळे होऊन वाहायला लागतात आणि मालक फोनवर व्हिडिओ काढतो. ते न काढता पॅड फिरवला तर तेच कण पॅडमध्ये अडकून नवे ओरखडे पाडतात. साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात काजळी. बोअरच्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवलेल्या गाड्यांवर क्षारांचे पांढरे गोल. आणि चैत्रात जोतिबाला जाऊन आलेल्या गाड्या! गुलालानं माखलेली गाडी घरी आणली की माणसं भक्तिभावानं कोरड्या फडक्यानं पुसतात. देवाचा गुलाल अंगावर राहू दे, गाडीवरचा आधी हवेनं उडवा, मग भरपूर पाणी, मग फेस. फडकं सगळ्यात शेवटी.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैत पंचगंगा शहरात शिरली तेव्हाचं काम वेगळंच होतं. पुराचा गाळ वाळला की बारीक पॉलिशपेपरसारखा वागतो. लोकांनी काळजीपोटी तो खरवडून काढलेला. त्या गाड्यांचं इंजिन, वायरिंग हेच मोठं दुखणं होतं, रंगाचं कुणाला पडलेलं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. आम्ही बऱ्याच गाड्या नुसत्या पाण्यानं सोडवून दिल्या. त्यातले पुष्कळ जण पुढं पॉलिशला आले. जाहिरातीवर मी कधीच फार खर्च केला नाही, त्याचं एक कारण हेही.

सध्या महामार्गालगत उचगावच्या बाजूला आमची मोठी जागा आहे. रोजच्या वापरातल्या गाडीला आम्ही एकाच टप्प्याचं पॉलिश सुचवतो. मधल्या ताकदीचा पॅड, एक पॉलिश, सत्तर-ऐंशी टक्के ओरखडे गेले की बास. उरलेल्या वीस-तीस टक्क्यांसाठी दुप्पट वेळ, दुप्पट पैसे आणि वर क्लिअर कोटही जातो. जी गाडी रोज शाहूपुरीच्या गर्दीत उभी राहणार, तिला ते परवडत नाही. काळ्या गाडीचे हौशी मालक ऐकत नाहीत, त्यांच्यासाठी दोन टप्पे. वर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर बसणारा कडक पारदर्शक लेप पाहिजे असेल तर तेही करतो, पण ते ओरखडे लपवत नाही, उलट आहेत तसे बंद करून टाकतं, हे आधी सांगून. नवीन रंगवलेला पॅनल असेल तर पेंटरला विचारून काही आठवडे थांबायला लावतो.

दसऱ्याच्या आधीचा आठवडा आमच्याकडं सगळ्यात गर्दीचा. खंडेनवमीला गाडीला हार घालायचा म्हणून आदल्या रात्री गाडी घेऊन येणारे दरवर्षी असतातच. त्यांना धुऊन, क्ले मारून, वॅक्सचा हात देऊन पाठवतो. मशीन लावायचं असेल तर दिवाळीनंतरची तारीख घ्या म्हणतो, आणि येताना गाडी दोन दिवस ठेवायच्या तयारीनं या.