क्लिनिकमध्ये मेडिकल स्टुडंट्सना शिकवायची मान्यता : माझा अनुभव

मी फॅमिली डॉक्टर आहे, स्वतःची ओपीडी चालवते, आणि आता माझ्याकडे मेडिकल कॉलेजची मुलं पोस्टिंगला, म्हणजे प्रत्यक्ष पेशंट बघत शिकायला, येतात. हे कसं जमवलं असं ओळखीतले डॉक्टर सारखे विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतेय. फॉर्म, डिग्रीच्या कॉप्या, क्लिनिकची पाहणी, ऑनलाइन मॉड्यूल्स, सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. कसं शिकवायचं याचं वर्कशॉप तर फारच चांगलं होतं.

अडकलं ते शेवटच्या अटीवर. अट अशी की तुम्ही विद्यार्थ्याला फीडबॅक देत असताना एका निरीक्षकाने बसून पाहायचं, चेकलिस्ट भरायची आणि सही करायची. अट योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण विद्यार्थी आणायचा कुठून? कॉलेज विद्यार्थी पाठवतं फक्त मान्यता मिळालेल्या डॉक्टरकडे, आणि मान्यता मिळते ही सही झाल्यावर. मी मान्यता देणाऱ्या ऑफिसात फोन केला तर म्हणाले पोस्टिंगचं काम आमच्याकडे नाही, पोस्टिंगवाल्यांना विचारा. पोस्टिंगवाले म्हणाले यादीत तुमचं नाव नाही, आधी मान्यता आणा. परत पहिल्या टेबलावर. पोर्टलवर आपलं ‘पेंडिंग’ ते ‘पेंडिंग’च, कशासाठी पेंडिंग ते लिहिलेलंच नाही, आणि रोज ओपीडी संपल्यावर लॉगिन करून तोच शब्द बघायचा. एकांनी सांगितलं फॉर्म नव्याने भरा, म्हणजे जुना तारखेसकट रद्द होणार आणि रांगेत परत शेवटी. दुसऱ्या एकांनी हळूच सुचवलं की ओळखीच्या कुणा प्राध्यापकांची सही घेऊन टाका, कोण बघतंय. मी सरळ नाही म्हटलं. जे पाहिलंच नाही त्यावर सही मागायची आणि मग मुलांना हिस्टरी खरी लिहा, न तपासलेलं तपासलं म्हणून लिहू नका असं शिकवायचं, हे माझ्याच्याने होणार नव्हतं, आणि तेव्हा ठाम राहिले याचं आजही समाधान आहे.

राग यायचं कारण वेगळंही आहे. हॉस्पिटलमध्ये मुलांना समाजातल्या आजारपणाचा फार छोटा तुकडा दिसतो. केर व्हाइट आणि सहकाऱ्यांचा १९६१ चा लेख आहे, त्यांचा हिशोब असा की १००० प्रौढ माणसं धरली तर महिन्याभरात ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं, २५० जण डॉक्टरकडे जातात, ९ अ‍ॅडमिट होतात आणि युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलपर्यंत पोचतो फक्त १. म्हणजे मुलं शिकतात त्या एकावर, आणि पुढे त्यातली कितीतरी जणं प्रॅक्टिस करणार त्या २५० मध्ये. साधा ताप, जुना डायबेटिस, नुसतंच ‘थकवा येतो’ म्हणणारा पेशंट, हे आमच्याकडेच दिसतं. शिकवायला तयार असलेल्या डॉक्टरांना एका सहीसाठी ताटकळत ठेवायचं म्हणजे नुकसान मुलांचंच.

सुटलं ते असं. फोन बंद केले आणि ईमेलवर एकच प्रश्न लेखी विचारला : चेकलिस्टमध्ये ‘शिकणारी व्यक्ती’ असं लिहिलंय, ती कॉलेजने पाठवलेलीच हवी असं कोणत्या नियमात आहे? वर्कशॉप घेणाऱ्या मॅडमना कॉपी ठेवली. त्यांनीच उत्तर मिळवून दिलं की असा नियमच नाही, वर्कशॉपमधल्या सहकारी डॉक्टरने विद्यार्थ्याची भूमिका केली तरी चालतं. मग एका सहकाऱ्याने केस मांडली, मी फीडबॅक दिला, निरीक्षकांनी पाहिलं, सही झाली. अर्ध्या तासाचं काम! हे वाक्य फॉर्मवर छापलं असतं तर कुणाचाच वेळ गेला नसता. त्यामुळे तुम्ही अर्ज करताय तर वर्कशॉपच्या दिवशीच जोडीदार ठरवा आणि जी शंका असेल ती ईमेलवरच विचारा, फोनवरचं उत्तर दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही.

आता वर्कशॉपमध्ये जे शिकवलं त्यातलं रोज वापरते ते सांगते. ‘वन मिनिट प्रीसेप्टर’ ही १९९२ मध्ये मांडलेली पद्धत, गर्दीच्या ओपीडीसाठी हीच सगळ्यात उपयोगी. मुलाने केस सांगितली की आपण लगेच उत्तर द्यायचं नाही. आधी विचारायचं, तुला काय वाटतंय? मग, कशावरून वाटतंय? त्यानंतर एकच मुद्दा शिकवायचा, काय बरोबर केलं ते नेमकं सांगायचं, आणि काय सुधारायचं तेही. नुसतं ‘छान’ म्हटलं तर मुलाला काहीच कळत नाही, ‘औषधं कोणती चालू आहेत ते तू स्वतःहून विचारलंस’ असं म्हटलं की पुढच्या वेळीही तो विचारतो. थोडा सरावलेला विद्यार्थी असेल तर ‘स्नॅप्स’ (SNAPPS) ही केस मांडायची पद्धत वापरा, त्यात शंका त्यानेच काढायच्या असतात आणि घरी काय वाचायचं तेही तोच ठरवतो.

वेळेचं म्हणाल तर विद्यार्थी एका खोलीत पेशंट बघत असताना आपण दुसरा पेशंट संपवायचा, मग पहिल्याकडे दोघांनी मिळून जायचं. केस पेशंटसमोरच मांडायला लावा, वेळ वाचतो आणि पेशंट चुकलेलं स्वतः दुरुस्त करतो. नाजूक तक्रारी मात्र बाहेर बोला.

हो, आणि संमती. ती रिसेप्शनवरच, विद्यार्थी समोर नसताना घ्या. तो समोर उभा असला की पेशंटला नाही म्हणायला अवघड जातं. नाही म्हणाले तर विषय तिथेच संपवा, आणि हे स्टाफला पहिल्या पोस्टिंगच्या आधीच सांगून ठेवा, कारण त्या आठवड्यात तुम्हाला बोलायला सवड मिळणार नाही.