आमची वाटचाल: डंडे पुरे, तरी नेट मंद का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात आम्ही संगणक दुरुस्तीपासून सुरुवात केली. मग सीसीटीव्ही आले, त्यांच्यामागून वायफाय. आज जिनिंग, पतसंस्था आणि सेवा केंद्रांचं नेटवर्क हेच आमचं मुख्य काम आहे.

पीक विम्याची मुदत जवळ आली की सेवा केंद्रासमोर रांग लागते आणि नेमका तेव्हाच फोन येतो, "भाऊ, सिग्नलचे डंडे पुरे हायेत, पण नेट चालूनच नाही राह्यलं." लोक लगेच राउटर बदलतात. बहुतेक वेळा बिचाऱ्या राउटरचा काही दोष नसतो. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ लहरींच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल, म्हणजे वाटा, आहेत, पण ती ५-५ मेगाहर्ट्‌झवर आहेत आणि प्रत्येकाला रुंदी लागते २० ची. म्हणून एकमेकांत न घुसणारी अशी सहसा तीनच धरतात: १, ६, ११. एकाच चॅनेलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून थांबतात, वेळ वाटून घेतात. कोणी मध्येच ३ किंवा ४ वर बसला, की तो १ आणि ६ दोघांसाठीही नुसता गोंगाट. डेटाचं पॅकेट बिघडतं, पुन्हा पाठवावं लागतं, मग राउटर आपणच वेग उतरवतो. डंडे सिग्नलची ताकद दाखवतात, गोंगाट नाही.

एका केंद्रात शोधत गेलो, तर शेजारच्या कृषी केंद्रातला जुना अॅनालॉग वायरलेस कॅमेरा निघाला. असा कॅमेरा कोणाचं ऐकून थांबत नाही, अखंड प्रसारण करत राहतो. त्याला केबल ओढून दिली आणि त्याच राउटरवर, त्याच प्लॅनमध्ये फॉर्म भराभर जाऊ लागले. त्या कामानंतर आजूबाजूच्या गावांतून बोलावणी येऊ लागली.

ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ५ गिगाहर्ट्‌झचा मोठा पट्टा परवानामुक्त केला. आमच्यासारख्यांना त्याचा फार आधार झाला. तिथे जागा भरपूर, गर्दी कमी. मात्र जुन्या वाड्यांच्या जाड मातीच्या भिंतीपुढे तो लवकर दमतो, म्हणून खोलीगणिक अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारी पेटी, द्यावा लागतो.

जिनिंगच्या वजनकाट्यापासून ऑफिसपर्यंतची वायरलेस लिंक आम्ही झाडांच्या शेंड्यांवरून नेतो. उन्हाळ्यात साग उघडा असतो, तेव्हा सगळं मोकळं दिसतं; पावसाळ्यात तीच पानं सिग्नल खातात.

जागेवरून न हलणाऱ्या संगणकाला, प्रिंटरला, सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरला आम्ही केबलच देतो. तेवढी हवा मोबाइलसाठी मोकळी राहते. आणि नव्या कामाची तपासणी आठवडी बाजाराच्या दिवशी, भर दुपारी करतो. सकाळी सातला तर कुठलंही चॅनेल रिकामंच दिसतं.