‘बापा’ म्हणायला लागलेली सत्तावीस वर्षं

१ डिसेंबरच्या पहाटे आम्ही एकोणीस जण सावंतवाडीहून जुन्या गोव्याला चालत निघालो. ३ तारखेला सायबाचं फेस्त, म्हणजे सण, त्याच्या आत पोचायचं. संत फ्रान्सिस झेवियरला गोव्यात ‘गोंयचो सायब’ म्हणतात. आमच्याकडेही सगळे सायबच म्हणतात. वाटेत तेर्स, म्हणजे माळेवरची प्रार्थना, म्हणत जायचं, दर दहा मण्यांना म्हणणारा बदलतो. माझी पाळी आली की मी माळ पुढच्याच्या हातात द्यायची. आवाज बसलाय, असं सांगायची. खरं कारण वेगळं होतं.

माझी प्रार्थना मराठीत झाली. लहानपणी सिस्टरांनी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ पाठ करून घेतली आणि ती मी कधी चुकवली नाही. ‘पिता’ हा शब्द पुस्तकातला, घरात तो कुणी उच्चारत नाही, म्हणून तो म्हणायला जड जायचा नाही. पत्रादेवी ओलांडली की तीच प्रार्थना कोकणीत सुरू होते, ‘आमच्या बापा, सर्गींच्या’. आणि बाप हा शब्द माझ्या घरातला आहे. मी आठ वर्षांची असताना बाप कामाला म्हणून मुंबईला गेला, तो आलाच नाही. आईने शिवणकाम करून आम्हां दोघा भावंडांना वाढवलं. घरात त्याचं नाव निघायचं ते रेशनकार्ड काढलं की. ज्या शब्दाची इतकी वर्षं वाट पाहिली आणि मग वाट पाहणं सोडून दिलं, त्याच शब्दाने देवाला हाक कशी मारायची?

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी धारगळच्या अलीकडे उजव्या टाचेवरचा फोड फुटला. नवे बूट होते, भावाने वाढदिवसाला दिलेले. मी लंगडत मागे पडले आणि हायवेलगतच्या एका किराणा दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदार काका साठीपलीकडचे असतील. गल्ल्यामागे विठोबाची तसबीर, तिला ताजा हार. त्यांनी पाण्याची बाटली हातात दिली, माझ्या पायाकडे पाहिलं आणि एकदम ओरडलेच, “नये बूट घालून कोण चलता गो येवढ्या लांब? घरात कोण सांगणारो नाय तुका?”

मी काहीच बोलले नाही. डोळे भरून आले ते फोडामुळे नव्हे. नाही हो काका, सांगणारं कुणी नव्हतं. आई सांगायची, पण ती जपून सांगायची. तिला आम्हांला ओरडायचीही भीती वाटायची, आम्हीही निघून जाऊ म्हणून.

काकांनी तांब्याभर पाणी आणून जखम स्वतःच्या हाताने धुतली. मी पाय मागे घेत होते, परक्या माणसाने पायाला हात लावायचा म्हणजे काय! ते म्हणाले, पंढरीच्या वाटेवर माझे पाय किती जणांनी धुतलेत, तू गप बस. मग स्वच्छ कापडाची पट्टी बांधली, आतून स्वतःचे जाड मोजे आणून घातले, बुटांची नाडी सैल केली. पुन्हा दोन शब्द सुनावले. पैसे घेतले नाहीत. निघताना म्हणाले, “आमी माऊली म्हणतंव, तुमी बाप म्हणतास. लेकराक सांबाळतलो तोच.”

कोलवाळच्या पुलापर्यंत मी कुणाशी बोलले नाही. खाली शापोरा नदी संथ होती आणि मला होशेय संदेष्ट्याचं वचन आठवत होतं. त्यात देव म्हणतो की एफ्राइमाला, म्हणजे आपल्या इस्राएल लोकांना, चालायला मीच शिकवलं, त्यांना हातांवर घेतलं, पण मीच त्यांना बरं करत होतो हे त्यांना कळलं नाही. हे वचन मी कितीदा ऐकलंय. कळलं नाही म्हणणारा देव मला तक्रार करणारा वाटायचा. त्या दिवशी पायात दुसऱ्याचे मोजे घालून चालताना त्यात मला दुखावलेला बाप ऐकू आला. मला वाटायचं, बाप गेल्यावर मी माझ्या हिमतीवर चालायला शिकले. दहावीची फी कुणी भरली, आई तापात असताना आठ दिवस डबा कोण देत होतं, मला पहिली नोकरी कुणाच्या शब्दावर लागली, हे सगळं मला माहीत होतं. फक्त ते एका हाताचं आहे असं मी कधी धरलं नव्हतं. इब्री लोकांस पत्रात लिहिलंय की ज्याला बाप शिस्त लावत नाही असा मुलगा कोण? मला त्या ओरडण्याचीच भूक होती, हे धारगळला कळलं.

रात्री पर्वरीला थोडं झोपलो आणि दोन वाजता उठून निघालो. मांडवीच्या पुलावरून खाली कॅसिनोच्या बोटींचे दिवे दिसत होते. पणजी सोडून आम्ही रायबंदरच्या जुन्या बांधावर आलो. हा बांध पोर्तुगीजांनी १६३३-३४ च्या सुमाराला बांधला. खारं वारं, चिखलाचा वास, आजूबाजूला मिठागरांचं काळं पाणी, आणि रस्ताभर माणसंच माणसं. कुणी अनवाणी, कुणी झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन.

माळ माझ्याकडे आली. मी ती पुढे दिली नाही.

‘आमच्या बापा’ म्हणाले आणि आवाज फुटला. मागच्या मावशींनी माझ्याऐवजी पुढे चालवायला सुरुवात केली, मी हात वर करून थांबवलं आणि पहिल्यापासून म्हटलं. सायब तमिळ मासेमारांच्या किनाऱ्यावर गेला तेव्हा त्याने हीच प्रार्थना तिथल्या माणसांच्या मदतीने तमिळमध्ये करून घेतली आणि स्वतः पाठ केली. परकी भाषा, अडखळत म्हणायची. स्पेनमधल्या आपल्या घरी तो परत कधीच गेला नाही. १५५२ च्या ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर, पलीकडे नेणाऱ्या नावेची वाट पाहत वारला. नाव आली नाही. येशूनेही मरणाच्या आदल्या रात्री गेथसेमाने बागेत ‘अब्बा, बापा’ म्हणूनच प्याला दूर कर असं मागितलं, आणि प्याला दूर झाला नाही. बापावर विसंबणं म्हणजे मागितलेलं मिळणं, असं मी धरून बसले असते तर या दोघांपुढे मला उभंच राहता आलं नसतं.

मी मागायला आले होते आईच्या डोळ्यासाठी. डाव्या डोळ्याचा पडदा सुटलाय, ९ तारखेला ऑपरेशन आहे. नजर किती परत येईल हे डॉक्टर सांगत नाहीत.

रायबंदरला पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा वाजला. उजाडायचं होतं. आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडून गरम पोयी, गोव्याचे कोंड्याचे पाव, घेतल्या आणि रस्त्याच्या कडेला उभ्याउभ्या खाल्ल्या. भाकर मागणाऱ्या मुलाला कोणता बाप धोंडा देईल, असं येशूने विचारलंय. पोयीची वाफ बोटांना लागत होती आणि मला त्याचं उत्तर तोंडाने द्यावंसं वाटलं नाही.

सायबाचं शव ठेवलेल्या बासिलिका चर्चसमोरच्या रांगेत आम्ही तीन तास उभे होतो. तांबड्या चिऱ्यांवर ऊन आलं तेव्हा मिस्सेची उपासना सुरू होती. प्रभूच्या प्रार्थनेला सगळं मैदान ‘आमच्या बापा’ म्हणालं, त्यात माझाही आवाज होता. आईचा डोळा मी त्याच्या हाती दिला. मागणं सोडलं नाही, रोज मागतेय.

घरी आल्यावर मोजे धुऊन दोरीवर टाकले. आईने एका डोळ्याने बघून विचारलं, हे पुरुषाचे मोजे कुणाचे? मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ दोरीकडे बघत राहिली.

“नीट सुकव,” म्हणाली, “ऑपरेशन झालं की दोघी जाऊन देऊन येऊ.”