तुम्ही विचारलंत म्हणून: वाळवंटातली फुलं बघायला कधी यायचं?

ॲरिझोनात, टूसॉनला राहायला आल्यापासून सोलापूरच्या नातेवाइकांचा फोनवर ठरलेला प्रश्न: "तुमच्या वाळवंटात फुलं येतात म्हणे, कधी यायचं बघायला?" बाकीचे सांगतात मार्च. मी म्हणते, जुलैअखेरीला या.

मार्चचा बहर हिवाळी पावसाच्या भरवशावर असतो आणि तो पाऊस लहरी. उन्हाळी पाऊस त्या मानाने शब्दाला जागतो. त्याला इथेही मान्सूनच म्हणतात. वर्षाकाठी पाऊस पडतो तो २८ सेंटिमीटरच्या आतबाहेर, त्यातला निम्मा याच दिवसांतला. पहिल्या सरीला मातीचा नाही, क्रियोसोटच्या झुडपांचा वास सुटतो. पानांवरच्या राळेचा, थोडा डांबरासारखा. आवडायला मला दोन वर्षं लागली!

मग रस्त्याकडेला नारिंगी फुलांचे गालिचे. नाव ॲरिझोना पॉपी. पहिल्यांदा दिसली तेव्हा गाडी थांबवून उतरले. खऱ्या पॉपीला इथे चार पाकळ्या, हिला पाच. खाली वाकून पान बघितलं आणि चपापलेच. जमिनीलगत पसरलेली फांदी, चिंचेच्या पाल्यासारखी जोडजोड पानं. अहो, हा तर सराटा! लहानपणी शेतात अनवाणी पळताना पायात घुसायचा तोच. नंतर शोधलं तर खरंच, ही पॉपी नावालाच, कूळ सराट्याचं. क्रियोसोटही त्याच भाऊबंदकीतलं.

या वाळवंटी रोपांचं बी शिडकाव्याला भुलत नाही, चांगला भिजपाऊस लागतो. तरीही सगळं एकदम उगवत नाही, काही मातीतच मागे राहतं. दुबार पेरणीसाठी आपण बी राखून ठेवतो, तसंच. इथल्या टुमामॉक टेकडीवर १९०३ पासून वाळवंटी वनस्पतींची प्रयोगशाळा आहे. तिथे हिवाळी रोपटी वर्षानुवर्षं मोजली, तेव्हा त्यांच्यातही हीच राखीव शिल्लक दिसली.

तर या, पण सकाळी लवकर उठायच्या तयारीने. फूल एकाच दिवसाचं, दुपारी मिटतं. आणि चपला नकोत, बूट आणा. आपला अस्सल सराटाही इथवर पोचलाय, माझ्या सायकलच्या दोन ट्यूब त्याने फोडल्यात. इथले लोक त्याला बकरीचं डोकं म्हणतात. काटा उपटून हातावर ठेवून बघा, दोन शिंगं दिसतील.