बाबांचं मुखत्यारपत्र

मुलाने फोनवर सांगितलं होतं, “बाबांचं कुलमुखत्यारपत्र करायचंय, मसुदा तयार ठेवा.” असे फोन आम्हा वकिलांना रोजचेच. ठरल्या वेळी वडील, मुलगा, सून आणि मुलगी असे चौघं आले. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, असं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं. मी काकांना काहीही विचारलं की उत्तर मुलगा द्यायचा.

मग मी तिघांना बाहेर बसवलं. ज्येष्ठांची कागदपत्रं करताना मी हे करतेच. चेहरे पडतात, पण इलाज नाही.

दार लागताच काकांनी खिशातून वहीचं घडी घातलेलं पान काढलं. वर घर, मुदतठेवी, शेअर, असं सगळं नीट मांडलेलं. खाली वेगळ्या शाईत दोनच शब्द: ‘नळ्या नकोत’.

“माझं डोकं चालेनासं झालं की मुलाला सह्या करता याव्यात, म्हणून हे मुखत्यारपत्र,” ते म्हणाले.

नेमकं तेव्हाच ते चालणार नाही, हे मला सांगावं लागलं. १८७२च्या करार कायद्याप्रमाणे अधिकार देणारा माणूस गेला किंवा त्याची बुद्धी शाबूत राहिली नाही, की मुखत्याराचा अधिकार संपतो. पुढे पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागते. इंग्लंडमध्ये अशा वेळेसाठीच वेगळं मुखत्यारपत्र असतं. लोक इंटरनेटवरून त्याचेच नमुने उतरवून आणतात आणि माझ्याशी हुज्जत घालतात.

“म्हणजे पाऊस आला की मिटणारी छत्री!” काका हसले.

घराचं बक्षीसपत्र आत्ताच करून टाकावं, असं मुलाच्या मनात होतं. सांभाळ करण्याची अट घालून दिलेलं घर, अट मोडली तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली परत मागता येतं. पण म्हातारपणी न्यायाधिकरणाच्या पायऱ्या कोण चढणार? काकांनी मृत्युपत्राचं ठरवलं. हयातीत घर त्यांच्याच नावावर. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. इथे खरी कळीची गोष्ट होती ती सहीच्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. उद्या कोणी भांडलं, तर पहिला वार ‘त्यांना समजत नव्हतं’ यावरच होणार. मी त्यांच्या डॉक्टरांनाच साक्षीदार घ्यायचं सुचवलं.

सगळ्यांना आत बोलावलं. मुलगा म्हणाला, “शेअरचा नॉमिनी मीच आहे, मग ते मृत्युपत्रात कशाला?” नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये शेअरबाबतही स्पष्ट केलंय, एवढं सांगून मी पुढे गेले.

कारण ‘नळ्या नकोत’ राहिलं होतं. उपचार कुठे थांबवायचे हे आधीच लिहून ठेवायला न्यायालयाने २०१८मध्ये मान्यता दिली. २०२३मध्ये ती पद्धत सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीने निर्णय कोण घेणार, त्याचं नाव त्यात लागतं. काकांनी सुनेचं सांगितलं.

“माझं का नाही?” मुलगा.

“तू रडशील आणि नळ्या घालायला लावशील.”

सून जरा वेळ गप्पच होती. मग तिने खुर्ची पुढे ओढली. “बाबा, नळ्या म्हणजे सलाइनसुद्धा नको?”

“सलाइन चालेल. व्हेंटिलेटर नको.”

“आणि नाकातून अन्नाची?”

काका विचारात पडले. मी कागद पुढे ओढून लिहून घेऊ लागले.